पटक्याची गाठ

गालिच्यावर आडवं व्हायला कुणीच तयार होईना, तेव्हा मी झालो. कंपनीत सेफ्टी वीक चालू होता. प्रत्येक मजल्यावर प्रथमोपचार शिकलेला एक तरी माणूस हवा, असं परदेशातल्या क्लाएंटनं कळवलं होतं. आणि चौथ्या मजल्यावर ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही असा माणूस म्हणजे मॅनेजर, हे एचआरनं न बोलता ठरवलं होतं. त्यामुळे शुक्रवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, येरवड्याच्या त्या काचेच्या इमारतीत आम्ही अकरा जण खुर्च्या भिंतीला लावून उभे होतो आणि दीपालीबाई आम्हाला माणूस कसा जगवायचा ते शिकवत होत्या. त्या एका हॉस्पिटलच्या अपघात विभागात सिस्टर होत्या. पस्तिशीच्या, अंगानं बारीक, आवाज खणखणीत. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी इथलीच. ही इमारत व्हायच्या आधी इथे मोकळं रान होतं, आम्ही पोरी सरपण वेचायला यायचो. आज गेटवर फोटो काढून मला आत सोडलं. तर जागा माझ्या ओळखीची आहे, माणसं तेवढी नवीन." हसायचं की नाही ते कुणालाच कळलं नव्हतं. मला त्या बाई आवडल्या. माझीही अशी एक जागा आहे, वारज्याला. तिथे मी राहतो, आणि आत शिरताना वॉचमन मला सलाम करतो; फरश्यांच्या खाली आमचं शेत आहे हे त्याला माहीत नाही.

"आता ओटीपोटाचं हाड," त्या म्हणाल्या. "कंबर आणि मांड्या यांच्या मधलं. गाडीखाली आलेला, उंचावरून पडलेला, दोन वस्तूंच्या मधे चेंगरलेला माणूस असला, तर हे हाड मोडलंय असंच धरून चालायचं. बाहेर थेंबभर रक्त दिसणार नाही. माणूस शुद्धीत असेल, तुमच्याशी बोलेल, पाणी मागेल. तुम्ही म्हणाल, चला, थोडक्यात निभावलं. आणि तासाभरात तो आतल्या आत रक्त जाऊन संपेल." मी पाठीवर पडून छताकडे बघत होतो. छतात चार दिवे होते आणि त्यांतला एक मिणमिणत होता. ॲडमिनला कळवायला हवं, असा विचार माझ्या डोक्यात चालला होता. बाईंनी लांबट घडी घातलेली चादर माझ्या गुडघ्यांच्या खोबणीखालून सारली आणि हळूहळू वर सरकवत आणली. "कमरेखालून घुसवायची नाही, माणूस हलतो. गुडघ्याखालून घालायची आणि वर आणायची. कुठपर्यंत? कमरेपर्यंत नाही. नव्वद टक्के लोक कमरेला बांधतात. कमरेला बांधलंत तर पोट आवळाल, हाड उघडं ते उघडंच. सगळ्यांनी पँटच्या खिशात हात घाला. बाजूला जे टणक हाड लागतं, मांडी हलवली की जे हलतं, ते. चादर त्याच्यावर." सगळ्यांनी निमूटपणे खिशात हात घातले. मग त्यांनी माझ्या टीममधल्या पियुषला आणि शेफालीला चादरीची दोन टोकं दिली. "ओढा. पियुष, अजून. तुमचे मॅनेजर आहेत ते, अशी संधी परत यायची नाही." सगळे हसले, मीही हसलो, आणि चादर आवळली गेली.

तेव्हा मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंची हाडं आत दाबली गेली आणि अंगाचा खालचा भाग एकदम एक झाला. आपण तिथे इतके सैल होतो हे त्यापूर्वी ठाऊकच नव्हतं. बरं वाटलं. लहानपणी थंडीत घोंगडीत गुंडाळून ठेवायचे तसं बरं वाटलं. बाई गाठ मारत मारत बोलत होत्या. उठवून बसवायचं नाही. हातपाय धरून उचलायचं नाही. कुशीवर वळवायचं नाही. पाय जुळवून बांधायचे. एकेक वाक्य माझ्यावरून जात होतं आणि प्रत्येक वाक्याला मी मनात म्हणत होतो, हे केलं, हेही केलं. मग त्यांनी गाठीवर हात थोपटला. "आणि एकदा बांधलं की सोडायचं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर काय ते बघतील. वाटेत कुणीतरी शहाणा भेटतो, म्हणतो, अरे, केवढं आवळलंय, श्वास कोंडेल, सैल करा. सैल केलं की आत थांबत आलेलं रक्त परत सुरू. असे शहाणे मी दर महिन्याला दोन तरी बघते." माझी गाठ सोडून त्या म्हणाल्या, "झालं सर, उठा." मी उठलो नाही. मला म्हणायचं होतं की तो शहाणा मीच. पण जी टीम सोमवारी आपल्याकडून अप्रेझल घेणार आहे तिच्यापुढे गालिच्यावर पडून माणूस असं काही बोलत नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्या बिस्किट चहात बुडवून खात होत्या. मी विचारलं, "सिस्टर, समजा, कुणी कमरेला बांधलं असेल आणि ते दुसऱ्यानं सोडलं, तर?"

"तर काही फरक नाही. ती गाठ असली काय, नसली काय."

"आणि बरोबर जागी बांधलं असेल, आणि सोडलं तर?"

त्यांनी बिस्किट खाऊन संपवलं. "तर सोडायला नको होतं," त्या म्हणाल्या. "वाचलाच असता असं कुणी सांगू नये, सर. आमच्यापर्यंत पोचायला वेळ मिळाला असता, एवढंच. कुणाचं झालं होतं?"

"नाही, सहज विचारलं."

"सहज कुणी एवढं विचारत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग भाजण्याचं शिकवायला निघून गेल्या. भाजल्यावर काय करायचं ते मी ऐकलं नाही. मी खिशात हात घालून उभा होतो आणि हाड चाचपत होतो. कंबर आणि ते हाड यांच्यामध्ये एक वीत अंतर आहे. माझी वीत, आईची वीत थोडी लहान असेल. चौदा वर्षं मी समजून चाललो होतो की माझे वडील ट्रकनं मेले. आता प्रश्न त्या एका वितेचा होता.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट आहे. ओढ्याकाठचं आमचं रान बिल्डरला देऊन झालं होतं आणि त्याच्या बदल्यात होणाऱ्या इमारतीत आम्हाला जागा मिळणार होती. आबांचं नाव कोंडीराम, पण गावात त्यांना सगळे आबाच म्हणत. रान गेलं तरी आबांचं रानात जाणं गेलं नाही. सकाळी उठून, डोक्याला तांबडा पटका गुंडाळून, ते साइटवर जाऊन बाभळीखाली बसत आणि वाळू कुठे टाकायची, पाणी कुठून आणायचं, हे मजुरांना सांगत. मजूर ऐकत नसत. दुपारी आई भाकरी घेऊन जाई, जशी नांगरट चालू असताना जायची तशी. त्या दिवशी विटांचा ट्रक मागे येत होता आणि आबा त्याच्यामागे उभे राहून हात हलवत होते, येऊ द्या, येऊ द्या. बैलगाडीला त्यांनी आयुष्यभर असंच मागे घेतलं होतं. बैल माणूस बघून थांबतात. ट्रकचा मागचा फाळका आणि अर्धी झालेली कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आबा सापडले. क्षणभरच. ड्रायव्हरनं लगेच गाडी पुढे घेतली आणि आबा भिंतीला टेकून खाली घसरले. हे मला मजुरांनी सांगितलं. मी तेव्हा लूनावरून येत होतो. सोमवारी माझी पहिली नोकरी सुरू होणार होती. आदल्या दिवशीच पत्र आलं होतं आणि ते दाखवायला मी निघालो होतो. अंगात नवा पांढरा शर्ट होता, खिशात पत्र होतं, आणि ते इंग्रजीत असल्यामुळे आबांना वाचून दाखवून त्याचा अर्थ सांगण्यातली मजा मी वाटभर चाखत आलो होतो.

मी पोचलो तेव्हा आबा जमिनीवर आडवे होते, वीसेक माणसं भोवती होती, आणि आई त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसलेली होती. आबांचं डोकं उघडं होतं. हे मला पहिल्यांदा दिसलं. आबांना बोडकं मी घरात आंघोळीच्या वेळी सोडून कधी पाहिलं नव्हतं. डोक्याचा वरचा भाग पांढराफटक, कपाळापासून खाली काळं, मधे रेघ. पटका आईनं काढून घेतला होता आणि धोतरावरून त्यांना गुंडाळून करकचून गाठ मारली होती. ती गाठ मला अजून दिसते. तांबड्या कापडाची, मुठीएवढी, विटांच्या धुरळ्यानं माखलेली. गाठीच्या एका टोकाचा दोरा निघालेला होता आणि तो वाऱ्यानं हलत होता, इतकं मला आठवतं. ती नेमकी कुठे होती, ते तेवढं आठवत नाही. धोतराच्या निऱ्या चुरगळून वर गोळा झाल्या होत्या. गाठ निऱ्यांच्या वर होती का खाली? हे आठवायला मी त्या शुक्रवारपासून बसलोय आणि जितकं आठवायला जावं तितकी ती गाठ सरकते, कधी वर जाते, कधी खाली येते, मला हवी तशी.

माझी आजी, म्हणजे आईची आई, मुळशीकडच्या खेड्यात सुईण होती. बाळंतिणीला बांधायचं कसं ते आई तिच्याकडून शिकली होती, आणि आमच्या आळीत कुणी बाळंत झालं की आईला बोलावणं यायचं. मला त्याची लाज वाटायची. कॉलेजातले मित्र घरी आले आणि तेवढ्यात कुणी बाई 'मुक्ताबाई, जरा चला, पोरीला बांधायचंय' म्हणत दारात उभी राहिली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि मी एनसीसीत होतो. प्रथमोपचाराची परीक्षा दिली होती, सर्टिफिकेट होतं. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ होतं: गळा, छाती आणि कंबर यांभोवतीचे आवळलेले कपडे सैल करावेत. साइटचा इंजिनियर बघत होता. मी त्याच्याकडे बघून, आईला, चांगल्या पुणेरी मराठीत म्हटलं, "आई, हे काय बाळंतपण आहे? सोड आधी ते. श्वास कोंडेल त्यांचा."

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हाडं सुटल्यात त्यांची."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं हात काढून घेतले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. गाठ घट्ट होती, नखांनी सुटेना, मी दात लावले. पटका सुटला तेव्हा आबांनी लांब श्वास घेतला, आणि मी इंजिनियरकडे बघितलं, बघा, म्हणून. मग सुटलेलं ते सगळं कापड हातात घेऊन मी उभा होतो, तेव्हा भैरूतात्या, आबांचे चुलतभाऊ, म्हणाले, "डोईला बांध त्ये. माणूस बोडका न्हेऊ नये रं." आमच्यात बोडका माणूस घराबाहेर काढतात तो एकदाच. म्हणून मी तो पटका आबांच्या डोक्याला बांधला. मला येत नव्हतं, तो सारखा कानावर घसरत होता. तात्यांनी मला बाजूला केलं आणि नीट बांधून दिला, चांगला, लग्नाला जाताना बांधतात तसा. जे कापड खाली हवं होतं ते आम्ही दोघांनी मिळून, मान राखायचा म्हणून, वर बांधलं. मग चौघांनी हातपाय धरून त्यांना उचललं आणि बिल्डरच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ताठ बसवलं.

कर्वे पुतळ्यापाशी त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. मग मी खिशातलं पत्र काढून त्यांना म्हटलं, "आबा, नोकरी लागली." ते म्हणाले, "वाच." मी वाचू लागलो, इंग्रजीत एक ओळ आणि मराठीत एक ओळ. नळ स्टॉपच्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं की ते ऐकत नाहीयेत. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, ओटीपोटाचं हाड फुटलं होतं, सगळं रक्त आत गेलं. त्यांच्या अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं, आणि पटका तसूभर हलला नव्हता. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, झोपल्यासारखे दिसतात.

त्यानंतर चौदा वर्षं आईनं हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. काढायला काही आहे असं मला वाटतच नव्हतं. तिच्यात एक फरक झाला होता, तो मात्र मला दिसत होता आणि मी त्याला वय झालं असं नाव दिलं होतं. आमच्या मुलीला ताप आला, ती जिन्यावरून पडली, माझ्या बायकोचा, कल्याणीचा, हात कुकरवर भाजला, काहीही झालं तरी आई दोन पावलं मागे सरकून उभी राहायची आणि म्हणायची, "तू बघ. तुला कळतंय." ती हे टोमणा म्हणून म्हणत नसे. टोमणा असता तर मी पुणेरी माणूस आहे, मला तो लगेच कळला असता आणि मी परतवलाही असता. ती ते खरंच म्हणायची. एका बाईला जेवढं येत होतं तेवढं सगळं त्या दिवशी मी इंजिनियरसमोर तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिनं ते परत कधी उचललं नाही. फक्त एकदा, कल्याणीच्या बाळंतपणात. तेव्हा मी अमेरिकेत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी येरवड्याहून वारज्याला यायला मला दोन तास लागले. प्रत्येक सिग्नलला माझा हात खिशात जात होता. नळ स्टॉपला गाडी थांबली तेव्हा मी रेडिओ बंद केला. गर्दी तिथे रोजचीच, मीही रोजचाच, आणि इतकी वर्षं मी तिथे थांबून फोनवर बोलत आलोय, याचं मला आश्चर्य वाटलं. मला एकच हवं होतं. ती गाठ कमरेला असायला हवी होती. कमरेला असेल तर मी फक्त उद्धट होतो, आणि उद्धट मुलगे पुष्कळ असतात. सुईणी पोट बांधतात, हाड नाही. बाळंतिणीचं पोट बांधतात हे कुणीही सांगेल. घरी पोचलो तेव्हा कल्याणी पोळ्या लाटत होती. मी पाणीसुद्धा न पिता ओट्याशी उभा राहिलो.

"तुझ्या बाळंतपणात आईनं तुला बांधलं होतं ना? कुठे बांधायची?"

"अहो, नऊ वर्षांनी आज एकदम माझं बाळंतपण कुठून आठवलं?"

"सांग तर."

"पोटाला. आणखी कुठे बांधणार, डोक्याला?" ती म्हणाली, आणि पोळी उलटली. "तांबडं कापड होतं. जुनं, पण असलं मऊ. कात्रजहून माझ्या आईनं नवीन सुती साड्या फाडून आणल्या होत्या, तर तुमच्या आई म्हणाल्या, ह्योच बरा. रोज स्वतः धुवायच्या, स्वतःच वाळत घालायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत."

पटका घरात आहे हे मला माहीत नव्हतं. तो आबांच्या बरोबर गेला असं मी धरून चाललो होतो. पण मी त्या वेळी तिकडे लक्ष दिलं नाही, मी 'पोटाला' हा शब्द धरून ठेवला. त्या संध्याकाळी मी चार पोळ्या खाल्ल्या आणि मुलीबरोबर पत्ते खेळलो. आई टीव्हीसमोर बसून पेंगत होती. तिला विचारायची गरज नाही असं मी ठरवलं होतं. पोटाला म्हणजे पोटाला. शनिवारी सकाळी दाढी करताना हात आपोआप कमरेखाली गेला आणि हाडावर थांबला, तेव्हा मला कळलं की मी तिला विचारल्याशिवाय एक दिवसही काढू शकणार नाही. तिच्यावर दया म्हणून विचारायला नको होतं. पण दया करणाऱ्यांपैकी मी कधीच नव्हतो.

ती खाली पार्किंगमध्ये ऊन खात बसली होती. त्याच भिंतीशी. भिंत आता पिवळी रंगवलेली आहे आणि तिच्यावर गाड्यांचे नंबर घातलेत. सोसायटीनं चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमच्या गाडीची जागा नेमकी तिथे आली, आणि इतक्या वर्षांत मी तिथे गाडी एकदाही मागे घेऊन लावलेली नाही. पुढून घालतो. वॉचमन रोज सांगतो, साहेब, रिव्हर्स लावा, काढायला सोपी जाते. नळाच्या गळक्या पाण्यावर आईनं अळू लावलाय. सोसायटीनं दोनदा नोटीस काढली, अळू आहे तिथेच आहे. तिच्या मांडीवर मेथीची जुडी होती. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो आणि तिची बोटं बघत होतो, पान खुडून टोपलीत, काडी खाली.

"आई, एक विचारू?"

"इचार की. नगं म्हणलं तर थांबणार हाईस व्हय?"

"त्या दिवशी तू आबांना पटका बांधला होतास. तो नेमका कुठे बांधला होतास?"

तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मेथी टोपलीत ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि खुर्चीचा हात धरून उठू लागली. तिचे गुडघे गेलेत. मी पुढे झालो तर तिनं मला हातानंच अडवलं. भिंतीला पाठ लावून ती सरळ उभी राहिली आणि तिचे दोन्ही तळवे खाली गेले. ते शोधत गेले नाहीत. कमरेच्या खाली एक वीत, दोन्ही बाजूंच्या त्या टणक हाडांवर ते नेमके जाऊन बसले आणि तिनं हाडं आत दाबली, जशी दीपालीबाईंनी माझी दाबली होती तशी. अंगठे पुढे, गाठ जिथे यायची तिथे. तेवढ्यात तिनं वर बघितलं. माझा चेहरा मी नीट ठेवला आहे असं मला वाटत होतं. मीटिंगमध्ये मला तो ठेवता येतो.

"कशापाय इचारतुयास?" ती म्हणाली.

"काही नाही. काल ऑफिसात प्रथमोपचार शिकवले. त्यात असंच काहीतरी होतं."

"असंच म्हंजी?"

"म्हणजे, असं कापड बांधायचं."

"आन सोडायचं न्हाई?"

वॉचमननं पाण्याची मोटार चालू केली आणि भिंतीतून तिची घरघर यायला लागली. आई माझ्याकडे बघत होती; त्या दिवशी हात मांडीवर ठेवून बघत होती, अगदी तेच डोळे, फक्त आता त्यांच्यात काहीतरी ठरत होतं. मग तिचे तळवे हळूहळू वर सरकले. लुगड्यावरून, निऱ्या खोचलेल्या जागेपर्यंत, एक वीत. तिथे ते थांबले.

"हितं," ती म्हणाली. "कमरंला. पोटाला बांधत्यात न्हाई का बाळंतिणीच्या, तसा. घाबरल्यालं माणूस काय बी करतंय. त्येचा काय उपेग व्हता? तू सोडलास त्ये बरं झालं बघ. त्यास्नी जरा मोकळं वाटलं."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडलो नाही, कारण पडलो असतो तर मी काय पाहिलं ते तिला कळलं असतं, आणि मग तिच्या हातचं हेही गेलं असतं. चौदा वर्षांपूर्वी तिनं बांधलं आणि मी सोडलं. आज तिनं परत बांधलं होतं. या खेपेला त्याला हात लावायचा नाही एवढं मला शिकवलेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "कमरेलाच. मलाही तसंच आठवत होतं."

"तसंच हाय त्ये," ती म्हणाली.

पण ती खाली बसली नाही. गुडघे दुखत असणार, टोपलीतल्या मेथीवर ऊन आलं होतं. भिंतीला टेकून ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, आणि मी नीट पाहून घेईपर्यंत तिनं ते काढले नाहीत.